सरबतातला सोमल, हापशातला सोमल

९ नोव्हेंबर १८७४. बडोद्याचे ब्रिटिश रेसिडेंट कर्नल फेअर सकाळचा फेरफटका मारून परतले आणि रोजच्यासारखं पपनसाचं सरबत प्यायला बसले. दोन-तीन घोटांतच त्यांना कसंसं व्हायला लागलं. उरलेलं त्यांनी बाहेर ओतून दिलं, तर पेल्याच्या तळाशी गाळ. रेसिडेन्सीच्या डॉक्टरने तो पाहिला, मग गाळ मुंबईला सरकारी रसायन-परीक्षकाकडे गेला आणि तिथून उत्तर आलं: सोमल आहे, म्हणजे आर्सेनिक, शिवाय हिऱ्याची पूड. मल्हारराव गायकवाडांची चौकशी झाली. सहा जणांच्या आयोगात तीन एकीकडे, तीन दुसरीकडे; तरीही १८७५ साली महाराज गादीवरून गेलेच. पुढे सयाजीराव आले, ती गोष्ट आपल्याकडे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते.

मला या प्रकरणात रस आहे तो त्या चिमूटभर गाळापुरता. मी मूळची सोलापूरची. लग्नानंतर कोलकात्याची झाले आणि तिथल्या मुलींच्या शाळेत निवृत्त होईपर्यंत रसायनशास्त्र शिकवलं. सोमल ओळखायची रीत बडोद्याच्या वेळीसुद्धा नवी नव्हती. जेम्स मार्शने ती १८३६ साली बसवली होती: जस्त आणि आम्ल एकत्र करायचं, त्यात संशयित पदार्थ टाकायचा, निघणारा वायू तापवलेल्या काचनळीतून जाऊ द्यायचा. सोमल असला तर नळीत काळा चकचकीत डाग धरतो. १८७९ साली गुट्झाइटने हेच काम कागदाच्या कपट्यावर आणून ठेवलं. मुंबई, मद्रास, कोलकाता इथल्या सरकारी प्रयोगशाळांत खुनाच्या संशयाने आलेले आतड्यांचे तुकडे, उष्टं अन्न, दुधाचे गडवे वर्षानुवर्षं तपासले गेले. मुंबई इलाख्याने विषांच्या विक्रीवर १८६६ साली कायदा केला, सबंध देशासाठी तो १९०४ साली आला, आणि दोन्ही वेळा सरकारच्या डोळ्यांसमोर मुख्यतः सोमलच होता. तेव्हा या देशाला आर्सेनिक ओळखता येत नव्हतं, असं कोणी म्हणू नये.

माझं सासर उत्तर चोवीस परगण्यात, गायघाट्याकडे. आज तो भारत आहे, पण १९४७पर्यंत गायघाटा आणि शेजारचं बनगाव ही दोन्ही ठाणी जशोर जिल्ह्यात मोडत. रॅडक्लिफसाहेबाच्या रेघेने जिल्ह्याचा तेवढा कोपरा इकडे आला, बाकीचा पूर्व पाकिस्तानात गेला. सासूबाईंचं माहेर शार्शाकडचं, म्हणजे रेघेपलीकडे काही मैलांवर. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा एकाच जिल्ह्यातल्या एका गावातून दुसऱ्या गावात आल्या होत्या. काही वर्षांनी माहेरपणाला पासपोर्ट लागायला लागला. जमीन मात्र दोन्हीकडे तीच राहिली. गंगेने हजारो वर्षं इकडून तिकडे पात्रं बदलत टाकलेली वाळू आणि चिखल, तिच्या मागे राहिलेल्या इच्छामती आणि कपोताक्ष यांच्यासारख्या रोडावलेल्या नद्या, नदीने सोडून दिलेल्या वळणांचे बाओड आणि बारमाही ओलसर बिलं, म्हणजे पाणथळी. या त्रिभुज प्रदेशात दगड म्हणून दिसत नाही. माझ्या मुलाला लहानपणी आजोळीच पहिल्यांदा खडक दिसला.

हा जशोर जिल्हा रोगांच्या इतिहासात मोठं नाव कमावलेला आहे. १८१७च्या ऑगस्टमध्ये इथे पटकी उसळली आणि तिथून ती देशभर, मग देशाबाहेर पसरली. जगातल्या पटकीच्या साथींचा पहिला क्रमांक इथूनच मोजतात. रॉबर्ट कॉख १८८३च्या डिसेंबरात कोलकात्याला आला आणि पुढच्या काही महिन्यांत शहरातल्या एका तलावाच्या पाण्यात त्याला पटकीचे जंतू सापडले. हाफकिननेही पटकीची लस १८९४ साली कोलकात्याच्या वस्त्यांतच टोचून पाहिली. मुंबईची संस्था आणि प्लेगची लस हे त्याच्यानंतरचं. म्हणजे बंगालमध्ये पाणी आणि मरण यांचं नातं शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं. सासूबाईंच्या पिढीला ते वेगळं सिद्ध करून दाखवायची गरज नव्हती.

त्या सांगत: गावात पिण्याचं पुकूर, म्हणजे तळं, वेगळं असायचं. त्यात कोणी उतरायचं नाही, कपडे धुवायचे नाहीत, गुरं पाजायची नाहीत. नियम कडक, पण पावसाळ्यात सगळी पुकुरं एकमेकांत मिसळली की नियम कोणासाठी? चैत्रात पाणी हिरवं व्हायचं; ते फडक्याने गाळून, तुरटी फिरवून प्यायचं. दरवर्षी कुणाच्या तरी घरी मूल जायचं. आपल्याकडे मरीआई, तशी तिकडे ओलाबीबी. हिंदू तिला ओलाईचंडी म्हणत आणि नवस हिंदू-मुसलमान दोघांचेही असत. सासूबाईंची दोन भावंडं एकाच आठवड्यात गेली होती. हे त्या डोळ्यांत पाणी न आणता, भाजी चिरता चिरता सांगत. म्हणूनच हापशाविषयी त्यांच्यासमोर वावगं बोलायची सोय नव्हती.

हापसा बंगालमध्ये इंग्रजांच्या काळापासून होता, पण ठाण्यात, बाजारात, एखाद्या शाळेत. दारोदार तो आला १९७०च्या दशकापासून, युनिसेफ आणि सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी खात्याच्या मदतीने, आणि मग लोकांच्या स्वतःच्या पैशाने. तो इतक्या वेगाने का पसरला हे समजायला तिथे भोक कसं पाडतात ते पाहावं लागतं. आमच्या सोलापुरात बोअर मारायची म्हणजे काळ्या बेसाल्टशी कुस्ती. कंप्रेसरची गाडी बोलवायची, धुरळा उडवायचा, आणि पाणी लागलं तर लागलं. हापसाही दणकट हवा, कारण उन्हाळ्यात सबंध गाव एकावरच तुटून पडतं. ओतीव लोखंडाचे जुने हापसे त्या माऱ्यात टिकत नसत. सोलापुरात एका स्वीडिश मिशनऱ्याने पोलादी हापसा बनवला आणि त्याच्यावरूनच पुढे युनिसेफच्या पुढाकाराने ‘इंडिया मार्क टू’ बेतला गेला. तो आज आफ्रिकेतल्या खेड्यांतही आहे. माहेरचं कौतुक म्हणून एवढं सांगितलं.

बंगालमध्ये या कशाचीच गरज नाही. कलमिस्तिरी येतो, बरोबर दोन-तीन माणसं, बांबूचा एक मांडव आणि लोखंडी नळाचे तुकडे. जमिनीत खड्डा करून शेण कालवलेलं पाणी भरतात. शेणाने भोकाच्या कडा लिंपल्या जातात आणि ढासळत नाहीत. खालचा माणूस बांबूच्या तरफेने नळ वर-खाली हापसत राहतो. वर मांडवावर बसलेला मिस्तिरी नळाच्या तोंडावर तळहात ठेवून असतो. नळ वर उचलला जाताना हात तोंड गच्च मिटतो, खाली येताना सोडतो, आणि प्रत्येक ठोक्याला वाळूचं पाणी भसकन बाहेर पडतं. यंत्र म्हणाल तर तेवढा तळहात. एका दिवसात शे-दीडशे फूट सहज. बाहेर येणारी वाळू मिस्तिरी बोटांत चोळून पाहतो, भरड लागली की थांबतो, जाळीचा तुकडा लावून नळ सोडतो आणि वर ‘नंबर सहा’चा हापसा बसवतो. संध्याकाळी अंगणात पाणी. पाणी न लागण्याचा प्रश्नच नाही.

बाईच्या दृष्टीने हे काय होतं? पुकुरावर जायचं नाही, अंधारात चिखल तुडवायचा नाही, परक्या पुरुषांसमोर ओल्या लुगड्याने यायचं नाही. स्वतःच्या अंगणात, स्वतःच्या मालकीचं, थंड, नितळ पाणी. मुलं जगायला लागली, तीही लवकरच. त्याचं श्रेय एकट्या हापशाला देता येत नाही. १९७१च्या युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीने माणसं पटापट मरत होती, तेव्हा शिरेतून द्यायचं सलाईन संपल्यावर डॉ. दिलीप महालनबीसांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपांतून वाटलं आणि मृत्यूचं प्रमाण तीस टक्क्यांवरून चारच्या आत आणलं. हेही याच जुन्या जशोरमध्ये घडलं. पण सासूबाईंच्या हिशेबात मीठ-साखर रोग झाल्यावरची, हापसा रोग होऊ न देणारा. १९९०च्या दशकाच्या अखेरीला बांगलादेशात असे नलकूप एक कोटीच्या घरात गेले होते आणि खेड्यांतली जवळजवळ सगळी माणसं त्यांचंच पाणी पीत होती. विकासाच्या कामात असं यश क्वचित मिळतं, आणि तेव्हा त्याच्याकडे बोट दाखवून इतर देशांना शिकवत असत.

जुलै १९८३मध्ये कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमधले त्वचारोगतज्ज्ञ डॉ. क्षितीशचंद्र साहा यांच्यासमोर बारासतकडच्या खेड्यातले रुग्ण आले. छातीवर आणि पाठीवर पावसाच्या थेंबांसारखे काळे-पांढरे ठिपके, तळहात-तळपाय टणक, त्यांवर तांदळाएवढ्या गाठी. साहांनी हे सोमलाच्या जुनाट विषबाधेचं लक्षण म्हणून ओळखलं आणि माग काढत ते हापशापर्यंत पोहोचले. १९८४ साली त्याबद्दल वैद्यकीय नियतकालिकात लेख छापून आला. कोणीतरी पहिल्यांदाच शोधलं, असंही नव्हतं. दक्षिण-पश्चिम तैवानात खोल विहिरींच्या पाण्याने पाय काळे पडून झडतात, हे चाळीस हजारांवर माणसांच्या पाहणीनिशी १९६८ सालीच प्रसिद्ध झालं होतं. चिलीच्या आंतोफागास्ता शहराने १९५८ साली नव्या नदीचं पाणी घेतलं आणि बारा वर्षं सोमल प्यायला. आपल्याकडे चंडीगडच्या डॉ. दत्तांनी १९७६ साली उत्तर भारतातल्या नलकूपांच्या पाण्यातल्या आर्सेनिकबद्दल लिहिलं होतं. पुस्तकांत सगळं होतं.

माझ्या धाकट्या दिरांच्या तळहातांवर त्याच सुमारास गाठी आल्या. शेतकऱ्याच्या हाताला घट्टे पडणारच, असं सगळे म्हणाले. मग पाठीवर ठिपके दिसले, तेव्हा जवळच्या एका डॉक्टरने महारोगाची शंका घेतली आणि घरात वेगळं ताट, वेगळा पेला सुरू झाला. माझ्या जावेने ते सहन कसं केलं, ती जाणे. पुढे कोलकात्यात निदान झालं, आणि ते ऐकून सासूबाई संतापल्या: आपल्या हापशात विष? कोणी घातलं? त्यांच्या मनात विष म्हणजे कोणीतरी कोणाला तरी घालतं तेच. पाण्याचा नमुना मीच एका प्रयोगशाळेत दिला. लिटरमागे तीनशे मायक्रोग्रॅमच्या वर निघालं.

हा आकडा वर्गात मुलींना मी असा फोडून सांगत असे. दिवसाला चार लिटर पाणी धरा; सव्वा मिलिग्रॅम आर्सेनिक पोटात गेलं. एका दिवसात काहीच होत नाही. वर्षाचा हिशेब केला तर साडेचारशे मिलिग्रॅमच्या आसपास, आणि माणूस एका घोटात मारायला शंभर-दोनशे मिलिग्रॅम पुरतं. हप्त्याने दिलेलं विष शरीर बरंचसं लघवीवाटे टाकत राहतं, म्हणून माणूस उभा असतो. दहा-वीस वर्षांनी कातडी बोलते, त्यानंतर फुप्फुस, मूत्राशय. रंग नाही, वास नाही, चव नाही. उकळलं तर पाणी उडतं आणि सोमल तिथेच राहतो. शहरातून आलेले पाहुणे ‘आम्ही उकळूनच पितो’ म्हणत तेव्हा मला हसू यायचं आणि चीडही यायची.

पण हे आलं कुठून? कारखाना नाही, खाण नाही. सुरुवातीला सगळ्यांना वाटलं की हिमालयातून वाहून आलेल्या वाळूत सोमल ठासून भरला असणार. तसं नाही. त्या वाळूत किलोमागे काही मिलिग्रॅमच आर्सेनिक आहे, जगातल्या कुठल्याही चिखलात असतं तेवढंच. खुबी ते कशाला चिकटलेलं आहे त्यात आहे. वाळूच्या कणांवर गंजाचा, लोहाच्या ऑक्साइडचा, पातळ लेप असतो आणि आर्सेनिक त्या लेपाला धरून बसतं. वीस हजार वर्षांपूर्वी समुद्र आजच्यापेक्षा सव्वाशे मीटरच्या आसपास खाली होता. नद्यांनी तेव्हा खोल दऱ्या कोरल्या. बर्फ वितळलं, समुद्र चढला, दऱ्या नव्या करड्या वाळूने भरल्या, आणि त्या भरतीबरोबर दलदली, पाणथळ झाडोरा, कुजका पाला थरांत गाडला गेला. जमिनीखाली प्राणवायू संपला की जिवाणू तो पाला खाताना गंजाचाच श्वासासाठी उपयोग करतात. गंज विरघळतो, त्याला धरून बसलेलं आर्सेनिक पाण्यात मोकळं होतं. आधी काही संशोधकांचं म्हणणं वेगळं होतं: शेतीच्या उपशाने पातळी खाली जाते, हवा आत शिरते आणि गंधकयुक्त खनिजं फुटतात. १९९८ साली निकसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये लोहाची बाजू मांडली आणि बहुतेक पुरावा तिच्याच पारड्यात पडत गेला. जिवाणूंना खायला मिळणारा पाला नेमका कुठला, गाडलेला की वरच्या पुकुरांतून झिरपणारा, यावर मात्र भांडण चालू आहे.

यातून दोन गोष्टी निघतात आणि दोन्ही जिवाला लागतात. सर्वांत जास्त सोमल पंधरा ते पन्नास मीटरच्या पट्ट्यात असतो, म्हणजे तळहातवाल्या मिस्तिरीचं एका दिवसाचं काम जिथे संपतं नेमकं तिथे. दीडशे मीटरच्या खाली तो सहसा नसतो. बरिंद आणि मधुपूरच्या जुन्या, तांबूस वाळूच्या पठारांवरही नसतो. दुसरी गोष्ट: जे पाणी हवेशी खेळतं त्यात गंज पुन्हा धरतो आणि आर्सेनिकला घेऊन तळाशी बसतो. उघड्या आडाचं पाणी बहुधा स्वच्छ. पुकुराचंही. ज्या पाण्याने सासूबाईंची भावंडं नेली त्यात सोमल नव्हता. त्यांची स्वतःची एक सवय होती: रात्री कळशी भरून ठेवायची, सकाळी वरचं पाणी घ्यायचं आणि तळाचा तांबडा साका फेकायचा. लोहाच्या चवीने चहा काळा होतो म्हणून त्या असं करत. त्या साक्याबरोबर थोडा सोमलही रोज फेकला जात होता. सुना-नातवंडं ताजं पाणी हवं म्हणून थेट हापशाला ओंजळ लावत.

आता माझा राग सांगते. १९८३च्या आधी हापसे खणणाऱ्यांवर माझा राग नाही. त्यांच्यासमोर मुलांची प्रेतं होती आणि त्यांनी जंतू तपासले, जंतू नव्हते. पण १९८३ नंतर? जादवपूर विद्यापीठाच्या दीपंकर चक्रवर्तींनी १९८८पासून पश्चिम बंगालच्या जिल्ह्या-जिल्ह्यांत पाणी, केस, नखं तपासत आकडे जमवले आणि सरकारी कचेऱ्यांत त्यांना घबराट पसरवणारा माणूस ठरवलं गेलं. साहांच्या दवाखान्यात १९८७पर्यंत सीमेपलीकडचेही रुग्ण येऊन गेले होते. तरी बांगलादेशात सरकारी खात्याला पहिला दूषित नलकूप सापडला तो १९९३ साली, चापाई नवाबगंजला. कोलकाता ते जशोर अंतर सव्वाशे किलोमीटरही नाही. माशांची तस्करी रोज रात्री ते अंतर कापत होती; एक वैद्यकीय लेख नऊ वर्षांत कापू शकला नाही. फेब्रुवारी १९९५मध्ये चक्रवर्तींनी कोलकात्यात आंतरराष्ट्रीय परिषद भरवली तेव्हा कुठे जगाचं लक्ष गेलं.

मधल्या काळातला एक प्रसंग न्यायालयाच्या दप्तरात आहे. १९९२ साली ब्रिटिश भूगर्भ सर्वेक्षणाने मध्य आणि ईशान्य बांगलादेशातल्या दीडशे विहिरींचं पाणी तपासलं, माशांना आणि माणसांना त्यातलं काही विषारी आहे का हे पाहायला. अनेक मूलद्रव्यं मोजली. आर्सेनिक यादीत नव्हतं. पुढे एका बांगलादेशी गावकऱ्याने इंग्लंडात दावा लावला; तो हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत चढला आणि २००६ साली फेटाळला गेला. अहवाल लिहिणाऱ्याची गावकऱ्यांप्रती तशी जबाबदारी लागत नाही, असं ठरलं. कायद्याचं मला कळत नाही. एका साहेबाच्या सरबतासाठी जी परीक्षा एकोणिसाव्या शतकात पेला आणि गाळ घेऊन मुंबईपर्यंत धावली, ती विसाव्या शतकाच्या शेवटी प्रयोगशाळेच्या टेबलावर हात लांब केला असता तरी मिळाली असती, एवढं कळतं.

कोलकात्याच्या त्या परिषदेनंतर मात्र मोजणी झाली, आणि ती जगात कुठे झाली नसेल इतकी मोठी. ब्रिटिश भूगर्भ सर्वेक्षणानेच बांगलादेशी खात्याबरोबर साडेतीन हजारांवर विहिरींचे नमुने काढले; उथळ विहिरींपैकी २७ टक्क्यांत लिटरमागे ५० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त आर्सेनिक. बांगलादेशची मर्यादा ५०. जागतिक आरोग्य संघटनेने १९९३पासून १० सांगितली आहे. साडेतीन कोटी माणसं पन्नासच्या वरचं पाणी पीत होती. ॲलन स्मिथ आणि सहकाऱ्यांनी २००० साली याला माणसांच्या समूहाला झालेली इतिहासातली सर्वांत मोठी विषबाधा म्हटलं, आणि भोपाळ, चेर्नोबिलच्या पुढे नेऊन ठेवलं. सासूबाईंच्या माहेराजवळचं सामटा गाव त्याआधीच जपानी स्वयंसेवकांनी पिंजून काढलं होतं. ही माणसं मियाझाकीकडची. तिथल्या तोरोकू खाणीने त्यांच्या स्वतःच्या खेड्याला सोमल पाजला होता, म्हणून ती आली. सामटातल्या दहांपैकी नऊ हापशांचं पाणी पन्नासच्या वर निघालं.

मग रंगाचे डबे आले. गावोगावच्या मुलामुलींना कामाला लावून जवळजवळ पन्नास लाख हापसे तपासले. गुट्झाइटचाच कागद, छोट्या बाटलीत. पिवळा-तपकिरी डाग आला की हापशाच्या तोंडाला लाल रंग, नाही तर हिरवा. सुमारे चौदा लाख लाल झाले. सासूबाईंच्या भावाच्या अंगणातला लाल. त्या भेटीला गेल्या तेव्हा वहिनीने आधी रंग पदराने झाकावा तसा हापशावर गोणपाट टाकला होता, कारण घरात लग्नाची मुलगी. लाल हापशाच्या घरातली मुलगी करायला लोक कचरत. तिच्या पाठीवर ठिपके आहेत का, हे बघायला येणाऱ्या बायका आडून विचारत. ठिपके असलेल्या बायका माहेरी परत पाठवल्या गेल्या, हे मी ऐकीव सांगत नाही, त्यातली एक आमच्या नात्यातली. आणि हिरवा हापसा शेजाऱ्याच्या अंगणात असला तर रोज दोन वेळा कळशी घेऊन त्याच्या दारात उभं राहायचं. जिचं स्वतःच्या हापशामुळे बाहेर जाणं सुटलं होतं, ती पुन्हा बाहेर. पाच-सहा वर्षांत रंग उडाला. नवे हापसे तोवर लाखोंनी बसले आणि ते कोणी तपासलेच नाहीत.

उपायांची जत्रा मी लांबवत नाही. तीन कळशांची उतरंड आली, वाळू, लोखंडाचा कीस, कोळसा. अबुल हुस्साम यांनी कुष्टियात त्याच तत्त्वावर सोनो गाळणी उभी केली आणि २००७ साली तिला दहा लाख डॉलरचं पारितोषिक मिळालं; गाळणी चांगली आहे, आमच्याकडेही होती. पण गाळणी म्हणजे बाईच्या कामात आणखी एक काम, आणि ते वर्षानुवर्षं कोण करतं? सर्वांत जास्त माणसांना वाचवलं ते शेजारच्या चांगल्या हापशावर जाण्याने, म्हणजे काही न बांधता. ढाक्याजवळच्या आराईहाजारमध्ये संशोधकांनी सुमारे बारा हजार माणसांना अनेक वर्षं पाहिलं. २०१० साली ‘लॅन्सेट’मध्ये आलं की तिथल्या पाचांपैकी एका मृत्यूचा दोष पाण्यातल्या आर्सेनिककडे जातो. खोल नलकूप हा खरा तोडगा. पण तो महाग, सरकारने द्यायचा, आणि कुठे बसवायचा हे स्थानिक पुढारी ठरवणार. ह्यूमन राइट्स वॉचने २०१६ साली लिहिलं की ते आपल्याच माणसांच्या अंगणात गेले. हे वाचून मराठवाड्यातल्या टँकरची आठवण न होणारा मराठी माणूस विरळा. आमच्या बाजूला हुगळीचं शुद्ध केलेलं पाणी नळाने आलं, ठरावीक वेळी; उरलेल्या वेळी हापसा. आणि शेतात बोरो धानाला उन्हाळाभर पंपाने तेच पाणी पाजलं जातं, तेव्हा सोमल भातातूनही ताटात येतो. सीमेच्या इकडे तो बंगालपुरताही राहिलेला नाही: २००२ साली बिहारच्या भोजपूरमध्ये सापडला, मग उत्तर प्रदेशातल्या बलियात.

गेल्या हिवाळ्यात माझ्या पुतण्याने, म्हणजे त्याच दिरांच्या मुलाने, नवीन घर बांधलं आणि अंगणात स्वतःचा हापसा हवाच म्हणाला. दीर सहा वर्षांपूर्वी गेले, फुप्फुसाच्या कर्करोगाने. विडीही ओढत, त्यामुळे वाद नको. मिस्तिरी आला, वयाने माझ्याएवढा. त्याला मी वाळूचा रंग विचारला तर त्याने मलाच शिकवलं: काळी आली की पुढे जायचं, करडी-पांढरीवर भरवसा नाही, तांबडी लागली की थांबायचं. बांगलादेशातल्या मतलबमध्ये स्वीडनच्या संशोधकांनी मिस्तिऱ्यांच्या डोळ्यांवर विसंबून काळी, पांढरी, मळकट पांढरी आणि तांबडी अशी चार रंगांची वर्गवारी केली आणि तांबडीत सोमल सर्वांत कमी निघाला, हे मी वाचलेलं होतं. त्याने वाचलेलं नव्हतं. ‘बौदी,’ तो म्हणाला, ‘हे आम्हांला आधीही दिसत होतं, पण आमचा दर फुटावर. खोल जाऊ या म्हटलं की मालक समजतो पैसे काढतोय.’

पुतण्यालाही तेच वाटत होतं. दीडशे फुटांवर भरड वाळू लागली, पाणी भरपूर, मग कशाला पुढे? काळपट करडी होती. दोघांची हुज्जत अर्धा तास चालली, नळ तसाच अडकून. शेवटी पुतण्याच्या बायकोने वरच्या फुटांचे पैसे स्वतःच्या बचत गटातून द्यायचं कबूल केलं, तेव्हा मिस्तिरी पुन्हा मांडवावर चढला. तांबडी वाळू अडीचशेच्या पुढे लागली. पाण्याची परीक्षा वर्षाने पुन्हा करायची आहे, शेजारच्या शेतांतले बोरोचे पंप सुरू झाल्यावर. ते काम मी तिच्याकडेच दिलं आहे.